दसऱ्याला पुजलेले विळे

माझा नवरा पोलिसात होता, पण खाकी कपड्यांत मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. ते साध्या कपड्यांतल्या शाखेत होते. पांढरा बुशशर्ट, करडी पँट, पायात चपला आणि खिशाला एक पेन. बदलापुरात कुळगावला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. चाळीतल्या बऱ्याच जणांना ते कुठल्यातरी ऑफिसात कारकून आहेत असंच वाटायचं आणि ह्यांना तेच हवं असायचं.

त्यांचं काम ऐकायचं. अंबरनाथला कारखान्याच्या गेटसमोर टपरीवर चहा घेत बसायचं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी मिठाईवाल्याच्या दुकानात बाकावर टेकायचं. कुठे मोर्चा निघणार, कोणाचं कोणाशी वाकडं आलंय, लोक कशावर चिडलेत, हे लिहून वर कळवायचं. तो मिठाईवाला दर वेळी म्हणायचा, "साईं, बाकी सब ठीक है, नल में पानी नहीं आता, वो लिखो." हे घरी येऊन हसायचे. "दर वेळी लिहितो बिचाऱ्याचं पाणी. पाणी कोणी वाचत नाही." मलाही तेव्हा हसू यायचं.

माझं माहेर बदलापूरच्या वर, वांगणीच्या बाजूला, डोंगराच्या उतारावरचा एक पाडा. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन कुळगावात आले ती गप्पच राहिले. शेजारच्या बायका नळावर बोलायच्या, मी हंडा भरून घरात यायची. माझी भाषा ऐकून हसतील असं वाटायचं. कोणी माहेर विचारलं तर "इकडचंच" म्हणायची.

पाड्यावर भात पिकायचं ते घरात खायला. बाकी सगळं गवतावर. पाड्याच्या मागे मोठं कुरण होतं. जमीन सरकारी, पण आमचे आजे-पणजे तिथलं गवत कापत आले. दसरा झाला, पाऊस पुरता थांबला, की कापणी धरायची. गवत कापून, वाळवून, भारे बांधून बदलापूरच्या वखारीत द्यायचं. तिथून ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. कपडालत्ता, औषध, लग्नकार्य, सगळं त्या गवतातून. वेळेवर कापलं तर ते हिरवट वाळतं. उभं राहिलं तर पिवळं पडतं, मग गुरंसुद्धा तोंड फिरवतात.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. बदलापूर पूर्वेला, कात्रपकडे, इमारती उठायला लागल्या होत्या. आमच्या भागातला एक पुढारी तेव्हा फार वर चढला होता. मुंबईला मंत्र्यांच्या केबिनमध्ये न विचारता जातो, असं लोक सांगायचे. त्याला त्या कुरणावर कॉलनी काढायची होती. त्यासाठी मोजणी हवी होती आणि ती गवत कापायच्या आत हवी होती. पाड्याने गवत कापून नेलं की त्या जागेवर कोणाची तरी वहिवाट आहे असं दिसतं. उभ्या गवतात मोजणी केली की जागा पडीक. पण मोजणीवाले पोलीस बंदोबस्ताशिवाय जायला तयार नव्हते आणि गडबड होईल असं पोलिसांनी म्हटल्याशिवाय बंदोबस्त मिळत नव्हता. म्हणून वरून विचारणा आली, पाड्यावर काय हवा आहे ते कळवा. हे काम ह्यांच्याकडेच आलं.

हे त्या दिवशी जेवताना म्हणाले, "या दसऱ्याला तुझ्या माहेरी जाऊ."

मला आनंद झाला. नंतर त्यांनी कारण सांगितलं, तरीही झाला. मला वाटलं, बरंच झालं. दुसरा कोणी गेला असता तर काहीबाही लिहिलं असतं. आपलं माणूस लिहील तर नीट लिहील.

दसऱ्याला आमच्यात विळे-कोयते पुजतात. भिंतीला लागून आई घोंगडी अंथरते. दाराजवळच्या खुंटीवरचा विळा, दादाचे कोयते, कुऱ्हाड, सगळं धुऊन पुसून ओळीने ठेवते. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, झेंडूचं एक फूल, आणि कडेला भाताची लोंबी. घराघरात हेच.

आम्ही आत शिरलो तसा दादा म्हणाला, "या पावणं. बंदूक आनली का पूजेला?"

हे म्हणाले, "बंदूक कुठली, पेन आहे."

"मंग ठेवा ते रांगंत. लाजू नका."

आईने खरंच ह्यांच्या खिशाचं पेन मागून घेतलं, विळ्याच्या शेजारी ठेवलं आणि त्यालाही कुंकू लावलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. "पेनाला फूल नको का, आत्याबाय? का सरकारी हाय म्हनून बिनफुलाचा?" आईने फूलही ठेवलं.

जेवणं झाली. पान खात दादाच बोलायला लागला.

"पावणं, तुमी काय इचारायला आलाव ते आमाला ठाव हाय. मंग इचारा की. घरच्या मानसाशी लपवायचा काय?"

हे जरा ओशाळले. "मोजणीवाले आले तर काय करणार, एवढंच विचारलंय वरून."

"काय करनार? खानार हाव का त्यांना? येऊ दे. आमी सोता हद्दीचं दगड दाखवू, चा पाजू. पन गवत कापल्यावर. आता येवढी मानसा साखळ्या घेऊन गवतात फिरली का सगळा तुडवून आडवा होनार. वखारवाला हात लावनार नाय त्याला. दिवाळी होऊ दे, मंग मोजा म्हनावं, हवं तर दोनदा मोजा. येवढा लिहा."

"लिहितो."

"आनि तुमच्या मोठ्या सायबाला सांगा, कोन तरी येऊन बसा आमच्याजवळ. बोला. आमी काय बहिरं नाय."

वहिनी आतून ओरडली, "आनि चपला घालून येऊ नका म्हनावं, गवतात कुसळं हायेत. बूट आना!"

सगळे हसले. हेही हसले. संध्याकाळी उतरताना दादा पार खालच्या ओढ्यापर्यंत सोडायला आला. ह्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून म्हणाला, "तुमी हाव म्हनून घोर नाय."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाटावर कागद ठेवून अहवाल लिहिला. एरवी ते मला काही दाखवत नसत, पण त्या दिवशी वाचून दाखवला. शब्द सगळे आठवत नाहीत. मतलब असा होता, की लोकांनी दरवर्षीप्रमाणे दसऱ्याला विळे-कोयते पुजले असून ते गवतकापणीच्या तयारीत आहेत. मोजणीला विरोध नाही. मोजणीवाल्यांना चहापाणी देऊ, हद्द दाखवू असं म्हणतात. कापणी होईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबावं, मग हवं तर दोनदा मोजावं आणि कोणीतरी येऊन बोलावं, एवढीच मागणी आहे. गडबडीची शक्यता दिसत नाही.

"बरोबर आहे का?" त्यांनी मला विचारलं. त्यांच्या कामातलं त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

मी म्हटलं, "फुलांचं लिहा."

"कसलं?"

"आई एकेका विळ्यावर फूल ठेवते ते. वाचणाऱ्याला कळेल, की देवाचं आहे."

ते हसले, पण त्यांनी ते लिहिलं. फुले वाहून, असे दोन शब्द वरच्या बाजूला बसवले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्या घरातलं काहीतरी मोठ्या लोकांपर्यंत जाणार, असं वाटून मी उगाचच दोनदा चहा केला.

पुढच्या आठवड्यात कुळगावात सभा होती. मी गेले नव्हते, पण खांबाखांबाला भोंगे लावले होते, त्यामुळे घरातच सभा भरल्यासारखी होती. मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. पुढारी रस्त्यांवर बोलला, पाण्यावर बोलला, नव्या कॉलनीत शाळा होणार, बाग होणार म्हणाला. मग आवाज खाली आणला.

"बंधुभगिनींनो, मी मनाचं सांगत नाही. पोलिसांचा गोपनीय अहवाल आहे. नाव घेणार नाही, पण वरच्या पाड्यांवर घराघरात कोयत्यांना धार लागलीय. घराघरात कोयत्यांची पूजा झालीय. फुलं वाहिलीत फुलं! कोणासाठी वाहिली? गवताला फुलं वाहतात का हो?"

लोक हसले, मग टाळ्या. सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं. फुलं माझी होती. माझ्या आईच्या हातची झेंडूची फुलं मी ह्यांना सांगितली, ती त्या भोंग्यातून परत आली आणि आता ती कोणालातरी मारायला निघाली होती.

समोरच्या इमारतीत अंबरनाथच्या कंपनीतल्या एका ऑफिसरची बायको राहायची. चांगली बाई होती. ती गॅलरीतून म्हणाली, "ऐकलंत ना? पोलीसच म्हणतायत म्हटल्यावर काय! उद्या आपल्या दारात येतील कोयते घेऊन. संध्याकाळी मुलीला क्लासला पाठवायची भीती वाटते बाई."

ती खरंच घाबरली होती. मी नुसती मान हलवली. माझं माहेर तिथलं, हे तेव्हा सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. सांगून तिची भीती गेली असती की ती मलाही घाबरली असती?

आणि त्याच पुढाऱ्याने दसऱ्याला कात्रपच्या ऑफिसात टेबलावर तलवार ठेवून तिला हार घातला होता. त्याचा मोठा फोटो स्टेशनबाहेर लागला होता. तो बघून कोणाला मुलीला घरात ठेवावंसं वाटलं नाही.

हे घरी आले. मी पाणी दिलं.

"तुम्ही असं लिहिलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

"मी लिहिलं ते वर जातं. वर त्याचं थोडक्यात करतात. त्यांच्या वरचे आणखी थोडक्यात करतात. शेवटी मंत्र्याच्या टेबलावर एखादी ओळ जाते."

"ती ओळ आपलीच?"

"आपलीच."

"आणि बाकीचं? चहाचं, दिवाळीपर्यंत थांबायचं?"

"ते फाईलला आहे," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

दोन दिवसांनी सकाळी पाड्यावर गाड्या गेल्या. दादाला आणि आणखी काही पुरुषांना खबरदारी म्हणून उचललं. कोणी दगड मारला नाही, कोणी ओरडलंसुद्धा नाही. घराघरातले विळे-कोयते गोळा केले आणि पोलीस ठाण्यात टेबलावर मांडून फोटो काढले. गवत अजून ओलं होतं, कापणी सुरू झाली नव्हती, त्यामुळे विळे दसऱ्यापासून कोणी वापरलेच नव्हते. मुठींवर कुंकू तसंच होतं, असं ह्यांनी मला सांगितलं. पाड्यावर पुरुष नाहीत, विळे नाहीत. मोजणीवाले साखळ्या घेऊन उभ्या गवतात शिरले आणि त्यांच्यामागून बंदोबस्ताचे बूट.

हे ठाण्यात गेले होते. मी विचारलं, "दादा भेटला?"

"हो."

"काय म्हणाला?"

त्यांनी चपला काढून भिंतीला लावल्या. मग म्हणाले, "विचारत होते, पावणं, पेन हाय का खिशाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बाहेर आलो."

तोवर मला ह्यांचा राग आला नव्हता. त्यांनी खरं लिहिलं होतं आणि मधल्या लोकांनी ते तोडलं, पुढाऱ्याच्या हातात नुसता तुकडा आला, अशी मी समजूत घातली होती. आपल्यासारख्या माणसाला कागद वर जाता जाता काय होतं ते कसं कळणार. कदाचित पुढाऱ्यालाही पुरतं माहीत नसेल. त्याला कोणी सगळं सांगितलं तर तो दादाला सोडायला लावील. अशा समजुतीवर मी ते दिवस काढले. दादा दिवाळीच्या तोंडावर सुटला, पण तोवर माझी ही समजूत मोडली होती.

झालं असं, की निवडणुका जवळ आल्या होत्या आणि पुढारी घरोघर दिवाळीच्या मिठाईचे डबे वाटत होता. आमच्या चाळीत आला. एका घरात कळलं की इथे साध्या कपड्यातला पोलीस राहतो, तेव्हा त्याने ह्यांचं नाव विचारून घेतलं आणि आमच्याही दारात आला. बरोबर चार माणसं. खोलीत बसायला जागा नव्हती, तो एकटा खुर्चीवर बसला. मी चहा केला. ह्यांच्या हाताने पाठवणार होते, पण त्याने "वहिनी, तुम्हीच आणा" म्हटलं.

त्याने घोट घेतला आणि ह्यांच्याकडे बघून हसला.

"चहा फक्कड आहे. तुमच्या त्या अहवालातपण चहा होता ना? मोजणीवाल्यांना चहा पाजणार होते म्हणे. आणि दिवाळीनंतर दोनदा मोजा!" तो मोठ्याने हसला. "छान लिहिता हो तुम्ही. मी पूर्ण वाचला. असा अहवाल वाचायला मजा येते."

मी ट्रे धरून उभी होते. पूर्ण वाचला, असं तो म्हणाला. कोणी तोडलं नव्हतं, कुठे अडलं नव्हतं. दादाचा चहा, दिवाळी, कोणीतरी येऊन बसा ही विनंती, सगळं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्याला ते आवडलंसुद्धा होतं. त्याला पाड्यावर काय आहे ते कळून घ्यायचं नव्हतंच. काय म्हणायचं ते त्याचं आधीच ठरलं होतं, आणि ते म्हणायला कोणाच्या तरी घरातली एक खरी गोष्ट हवी होती. ती त्याने आमच्या घरातली घेतली.

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले ते मला माहीत नाही. परक्या पुरुषाशी मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले.

"मग सभेत चहाचं का नाही सांगितलंत?"

दारातला एक जण खोकला. पुढारी रागावला नाही. उलट कौतुकाने बघितल्यासारखा बघत म्हणाला, "वहिनी बोलतात की! अहो वहिनी, चहा पाजणाऱ्यांवर बंदोबस्त कोण देतं?"

बरोबरची माणसं हसली. मी ह्यांच्याकडे बघितलं. माझं माहेर तिथलं आहे, ती पूजा माझ्या आईची, आत बसलेला माझा भाऊ, एवढं ते म्हणाले असते तरी पुष्कळ होतं. नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

हे म्हणाले, "हिला यातलं काही कळत नाही, साहेब. हिचं मनावर घेऊ नका."

पुढारी निघून गेला. डबा कॅम्प एकच्या त्याच मिठाईवाल्याचा होता. मी तो उघडला नाही. हे रात्री म्हणाले, "नोकरी आहे. बदली कुठे करतील सांगता येत नाही." ते खोटं नव्हतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटावर कागद ठेवून "बरोबर आहे का" असं मला विचारणारा माणूसही तोच होता.

भाऊबीजेला मी एकटीच गेले. ओढ्यावरून वर चढताना कुरण दिसतं. गवत उभं होतं, पिवळं. मध्ये मध्ये तुडवलेले पट्टे आणि चुना लावलेले दगड.

दादा पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी ठेवली, नेहमीसारखी.

"बरा आहेस ना?" मी विचारलं.

"बरा हाय."

"गवताचं काय?"

"बरा हाय सगळा."

मी त्याला ओळखते. दादा कधी एका शब्दात उत्तर देत नाही. बैल आजारी असला तरी त्याची तीन पिढ्यांची गोष्ट सांगतो. तो मला त्या दिवशी शिव्या देता, तुझ्या नवऱ्याने घात केला म्हणता, तर मी रडून मोकळी झाले असते. तो माझ्याशी गोड बोलला. कोणी साध्या कपड्यातला माणूस टपरीवर शेजारी येऊन बसला, की लोक जसं बोलतात तसं.

"दादा, मी फुलांचं सांगितलं होतं ते..." मी सुरुवात केली.

"असू दे, बाय. जेव."

वहिनीने वाढलं. तिनेही एक टोमणा मारला नाही. मी पाण्याला उठले की घरात कुजबुज सुरू व्हायची, परत आले की आई हवेपाण्याचं काढायची.

निघताना मी दर वेळी मागच्या अळूची पानं नेते. उठून दाराजवळ गेले, सवयीने खुंटीकडे हात केला. खुंटी रिकामी.

"विळा कुठंय?"

वहिनीने आईकडे बघितलं. आईने चुलीत लाकूड सारलं.

"आमच्यात आता विळा नाय, बाय," वहिनी म्हणाली. "नेलं ना समदं."

ते खरं असेल असं समजून मी मागे गेले आणि अळू हाताने उपटलं. पदरात बांधलं, आईच्या पाया पडले. दादा या वेळी ओढ्यापर्यंत आला नाही. दारातूनच म्हणाला, "सांभाळून जा."

उतार अर्धा उतरले असेन. वाऱ्याचा झोत वरून आला आणि त्याबरोबर दगडावर लोखंड घासल्याचा आवाज. आमच्या घरामागच्या दगडाचाच, मी लहानपणापासून ऐकत आले तो. थोड्या वेळाने दुसऱ्या घरातूनही तसाच आला, मग तिसऱ्या. जे काही गवत वाचलं असेल ते कापायला विळे निघाले होते. लपवलेले असतील नाहीतर नवे आणलेले; मी नजरेआड होईपर्यंत ते थांबले होते, एवढंच.

घरी आले तेव्हा हे दारातच होते. त्यांनाही चैन नसणार.

"काय म्हणतात माहेरी?"

"बरं आहे सगळं," मी म्हटलं.

"दादा काही बोलले?"

"नाही. बरं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे ऐकायचंच काम करणारे, त्यांना असलं उत्तर ओळखता येत होतं. मी आत गेले आणि अळू पाण्यात घातलं. देठ सगळे फाटले होते, ओढून काढलेले, आणि त्यांची माती काही केल्या सुटेना.